साळवे मॅडमचं ‘करूया का’

साळवे मॅडमनी मला विचारलं, "टिपणीस, हा माल आजच भरूया का?" मी म्हटलं, "नको," आणि घरी गेलो.

यात आपलं काही चुकलं असं मला घरी पोचेपर्यंत, जेवेपर्यंत आणि झोपेपर्यंत वाटलं नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मॅडम तेव्हा नुकत्याच आमच्या वरिष्ठ झालेल्या. वरिष्ठ आपलं मत विचारतात म्हणजे केवढी सुधारली कंपनी, असं बायकोलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर माल रवाना झालेला. साळवे मॅडम, वॉचमन आणि टेम्पोचा ड्रायव्हर यांनी मिळून सगळी खोकी चढवली होती. मॅडमच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. डाव्या हातानं चहाचा कप उचलत त्या म्हणाल्या, "काल तुम्हाला तो प्रश्न वाटला का?"

"हो."

"बरं. म्हणजे चूक माझ्या मराठीची."

आणि मी इतका गाढव, की त्यांना म्हटलं, "असू द्या मॅडम. होतं असं."

आमची कंपनी मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत. आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचो. बाटल्या नाहीत, फक्त झाकणं. लग्न ठरताना सासऱ्यांना हे समजावून सांगताना मला घाम फुटलेला. मोल्डिंगच्या मशीनवर पुरुष, निवडायला आणि पॅकिंगला बायका, डिस्पॅचला मी, आणि या सगळ्यांच्या वर काचेच्या केबिनमध्ये रानडेसाहेब. रानडेसाहेबांच्या वाक्यात प्रश्नचिन्ह कधी ऐकलं नाही. "भरा. उचला. निघा." मध्येमध्ये आमच्या आईवडिलांचा उल्लेख. पण त्यांच्याबद्दल सगळे प्रेमानं बोलायचे. "साहेबांचा आवाज काय आहे," असं म्हणायचे, एखाद्या गवयाबद्दल म्हणावं तसं.

साहेब निवृत्त झाले आणि मालकांनी क्वालिटी बघणाऱ्या प्रज्ञा साळवेंकडे प्लांटचा चार्ज दिला. तात्पुरता. आमच्याकडे तात्पुरतं म्हणून बसवलेलं पत्र्याचं छप्पर अजून आहे, त्यामुळे या शब्दाचं कुणाला काही वाटलं नाही. मॅडमना वाटत असावं. कायमचं पत्र हातात पडल्याशिवाय रानडेसाहेबांच्या नावाची पाटी दारावरून काढायची नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं. आत जाताना स्वतःच्याच केबिनवर टकटक करायच्या. मी एकदा विचारलं, "मॅडम, आत कोण आहे?"

"अजून साहेबच आहेत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साळवे मॅडम बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणि पर्समध्ये कायम पाचसहा झाकणं. विचार करताना एक झाकण अंगठा आणि बोटात धरून फिरवायच्या. आटे नीट आहेत की नाही ते त्यांच्या बोटाला कळायचं, आणि समोरच्या माणसाला वाटायचं बाई आपल्याकडे लक्ष देत नाहीत. लक्ष असायचं. तुम्ही खोटं बोललात की झाकण थांबायचं. मी डिस्पॅचचा माणूस, माझ्यासमोर ते झाकण फार वेळा थांबलेलं आहे.

आणि त्यांचं ते ‘करूया का’. "हे मोल्ड बदलूया का? ही पेटी उघडून परत बघूया का?" मशीनवरचे लोक पाठीमागे हसायचे. "बाई पोरांना अभ्यासाला बसवल्यासारखी बोलते," असं भोईर म्हणायचा. भोईर हा आमचा सर्वांत जुना ऑपरेटर. मानपाड्याचाच, आधीच्या शेतावर आता तीन बिल्डिंगा उभ्या, भाडं येतं, तरी हा रोज मशीनवर. का, विचारलं तर म्हणायचा, "घरान बसून काय करू? बायको हुकूम सोरते."

मी एकदा मॅडमना विचारलं, सरळ "करा" का म्हणत नाही.

"येतं मला तेही," त्या म्हणाल्या. "पण मी ‘करा’ म्हटलं की लोक काम करतात आणि रागानं घरी जाऊन जेवत नाहीत. करूया म्हटलं की जेवतात, पण काम करत नाहीत. मी आपली मधलं काही सापडतंय का ते बघतेय."

पॅकिंगमधल्या बायका आधी त्यांना प्रज्ञाताई म्हणायच्या. जेवायच्या सुट्टीत खोक्यांचे पुठ्ठे अंथरून सगळ्यांचं गोल रिंगण बसायचं, आणि त्यात प्रज्ञाताईंची भाकरी आणि सुकटीची चटणी पहिल्यांदा संपायची. चार्ज मिळाल्याच्या पहिल्या दिवशी त्या डबा घेऊन तिथे गेल्या आणि बोलणं थांबलं. तोपर्यंत त्यांच्याबद्दलच चालू असणार, त्यात काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी गेल्या तर बायकांनी मोठ्या आदरानं त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवलेली. बाकी सगळ्या पुठ्ठ्यावर. प्रज्ञाताई खुर्चीवर बसून जेवल्या. खाली कुणाची भाजी घ्यायची तर वाकावं लागत होतं, आणि त्यांचा डबा खालून कुणाला दिसत नव्हता. कल्पना नावाची एक मुलगी होती, मॅडमनीच तिला काम शिकवलेलं. ती म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ का?" ताईची मॅडम अशी खुर्चीवर झाली. तिसऱ्या दिवसापासून डबा केबिनमध्ये.

मग मला वाटतं त्यांनी पुरुषांकडे प्रयत्न केला. गेटबाहेर चहाची टपरी, तिथे मशीनवाले आणि आम्ही ऑफिसवाले उभे असायचो. रानडेसाहेबही यायचे, कंपनीतल्या अर्ध्या गोष्टी तिथेच ठरायच्या. एका दुपारी मॅडम आल्या. चार सिगारेटी एकदम चपलेखाली गेल्या. भोईरनं सगळ्यांचे पैसे दिले, कुणाला तरी काम आठवलं, मग सगळ्यांनाच आठवलं. मला काम नव्हतं, पण मीही गेलो, कारण सगळे जात असताना थांबणारा माणूस मी कधीच नव्हतो. गेटमधून मागे बघितलं तर टपरीवाला फडकं मारतोय आणि मॅडम हातात ग्लास घेऊन समोरच्या कंपनीच्या भिंतीकडे बघत उभ्या. नंतर मला म्हणाल्या, "चहा चांगला असतो हो तिथला. मला उगीच वाटायचं तुम्ही टाइमपासला जाता."

दसऱ्याला मशीनची पूजा असायची. रानडेसाहेब सपत्नीक बसायचे. मॅडम बौद्ध, त्या पूजेला बसणार नव्हत्या, आणि कुणाच्या पूजेला नाही म्हणणाऱ्याही नव्हत्या. पण मॅडम एकट्या, त्यामुळे मालकांना काळजी वेगळीच. "बाईंच्या शेजारी कोण बसणार?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मला. मी म्हटलं, "भोईरना बसवू," आणि तो शब्द तोंडातून निघताच त्याचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात आला. मालकांच्याही. शेवटी भोईर आणि भोईरची बायको बसली. "मी फोटो काढते," असं म्हणून मॅडमनी तो प्रश्न मिटवला. त्या वर्षीचा ग्रुप फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. त्यात वॉचमन आहे, टपरीवाला आहे, कुठून तरी आलेलं एक कुत्रंही आहे. प्लांटच्या प्रमुख नाहीत.

आंबिवलीला त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, भाचीचा साखरपुडा ठरत होता म्हणून. मॅडम धाकट्या भावाच्या कुटुंबात राहायच्या. खरं म्हणजे भाऊ त्यांच्या कुटुंबात राहायचा, पण तसं म्हणायची पद्धत नाही. मुलाकडच्यांनी विचारलं, "घरात मोठं कोण?" मॅडमनी भावाकडे बोट दाखवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मग तारीख, हॉल, जेवण, काय काय निघालं. प्रत्येक मुद्द्याला भाऊ म्हणायचा, "जरा पाणी पिऊन येतो," आणि आतून निर्णय घेऊन बाहेर यायचा. बिचारा त्या दुपारी एवढं पाणी प्यायला की शेवटी खरंच उठून जावं लागलं, तेव्हा मुलाकडचे घाबरले की आता काय नवीन अट निघते. निघताना मुलाचे वडील भावाचा हात धरून म्हणाले, "तुमच्यासारखा खंबीर माणूस बघितला नाही." मी हसू दाबायला स्वयंपाकघरात बघितलं. मॅडम ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. हसत नव्हत्या.

मी शहाणपणा सांगायला जाऊ नये, कारण आमच्याही घरी बायको "तुम्ही ठरवा" म्हणते तेव्हा ठरवून झालेलं असतं. ती ठाण्यात एका ऑफिसात आहे, आणि तिथे तिच्यावर बाईच साहेब आली. महिनाभर रोज ऐकत होतो. एकदा म्हणाली, "अहो, पोरगं तापानं फणफणलंय म्हटलं तर रजा देईना. बाई असून."

"आधीचे साहेब देत होते?"

"नाही."

"मग?"

"ते पुरुष होते. त्यांच्याकडून कोण धरणार अपेक्षा?"

हे मी मॅडमना गंमत म्हणून सांगितलं. झाकण फिरवत त्यांनी ऐकलं. "म्हणजे आमच्याकडून अपेक्षा आहेत लोकांना," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं ऐकून."

त्यांचा आवाज मी एकदाच चढलेला ऐकला. निवडायच्या फिरत्या पट्ट्यात कल्पनाची ओढणी अडकली. ती ओढली जात होती आणि आम्ही सगळे बघत होतो, माणूस अशा वेळी बघतच राहतो. वरून, केबिनच्या दारातून आवाज आला, "भोईर, बंद करा." भिंती हलल्या. भोईरनं मुठीनं बटण दाबलं. ओढणी फाटली, मुलगी वाचली. मॅडम धावत खाली आल्या, तिचा गळा, हात, बोटं सगळं तपासलं, आणि मग म्हणाल्या, "ओढणी बांधून बस म्हणून किती वेळा सांगायचं तुला? अक्कल गहाण टाकलीस?"

दुपारी पुठ्ठ्यांवर चर्चा. "जरा प्रेमानं सांगता आलं असतं." कल्पना तर रडली, ओढणीपेक्षा ‘अक्कल गहाण’ तिला जास्त लागलं होतं. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "घरी काहीतरी बिनसलं असणार." मी लिंबू सरबत घेऊन केबिनमध्ये गेलो. मॅडम काचेतून खाली बघत होत्या.

"रानडेसाहेब ओरडले की लोक मशीनला काय झालं ते बघायचे," त्या म्हणाल्या. "मी ओरडले, तर मला काय झालं ते बघतायत."

मध्ये दोन दिवाळ्या गेल्या. मालकांचा माल परत येणं जवळजवळ थांबलं होतं, ऑर्डरी वाढल्या होत्या, तेव्हा आता तात्पुरतं जाऊन कायमचं होईल असं मॅडमनी धरलेलं. पहिल्यांदाच मला विचारलं, "दारावरच्या पाटीला स्टील बरं की पितळ?" मी पितळ म्हटलं.

मालक मात्र जरा आधुनिक झाले होते. कुठल्याशा शिबिराला जाऊन आलेले. म्हणाले, माणसांवर माणूस लादायचा नाही, त्यांची पसंती विचारायची. मग एकेकाला बोलावून बंद दाराआड एकच प्रश्न, "कायमचं वरती बाई चालेल, की माणूस पाहिजे?" मराठीत हे असंच विचारतात, आणि त्यात काही गडबड आहे असं मलाही तेव्हा ऐकू आलं नाही.

पॅकिंगमधल्या बहुतेक बायकांनी माणूस सांगितला. कल्पनानंही. मला सगळं कसं कळतं विचारू नका, डिस्पॅचमधूनच सगळं बाहेर जातं. मी तिला म्हटलं, "अगं, तुला त्यांनी वाचवलं."

"म्हणून काय झालं," ती म्हणाली. "मॅडम चांगल्या आहेत, कोण नाही म्हणतं? पण साहेबाला ‘बायकांचं दुखणं’ म्हटलं की तो लाजून रजा देतो. मॅडम विचारतात, कुठलं दुखणं, गोळी कुठली घेतलीस, मागच्या महिन्यात पण हेच होतं ना. त्यांना सगळं माहितीये ओ. फसवताच येत नाही."

गंमत म्हणजे भोईरनं मॅडम सांगितल्या. टपरीपासून लांब नेऊन, आजूबाजूला बघून त्यानं मला सांगितलं, आणि कुणाला बोललास तर याद राख, असंही. "मना बाई बरी. ती इचारते तरी. मोल्ड बदलूया क, भोईर? त्या रानड्यानी इतक्या वर्सांत मना कवा काय इचारला नाय. घरान पन कोन इचारत नाय."

माझी पाळी आली. मी ठरवून गेलेलो की आज मॅडमसाठी असं बोलायचं की मालक गार झाले पाहिजेत. रात्रभर वाक्य जुळवलेलं. मालकांनी प्रश्न विचारला आणि मी छाती काढून म्हटलं, "साहेब, साळवे मॅडम म्हणजे, अहो, बाई आहेत असं वाटतच नाही. अगदी पुरुषासारखं काम करतात."

मालक खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं कोडं सुटल्याचं समाधान होतं.

"मग पुरुषच घेऊया की," ते म्हणाले.

नवीन साहेब आले, निनाद नावाचे. ठाण्याचे, इंजिनिअर, तरुण, स्वभावानं अगदी चांगले. वाईट असते तर बरं झालं असतं. मालकांनी मॅडमना सांगितलं, यांना सगळं शिकवून तयार करा. मॅडमनी शिकवलं. कुठलं मशीन उन्हाळ्यात रुसतं, कुठलं गिऱ्हाईक कशाला भडकतं, काही हातचं राखलं नाही. दारावर पाटी लागली. स्टीलची.

पहिल्या आठवड्यात निनादसर फ्लोअरवर आले, बाह्या वर करून सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "चला, आजची ऑर्डर आजच संपवूया का?"

काय झालं म्हणून सांगू. सगळे उठलेच. बायका एकमेकींना म्हणाल्या, "किती नम्र आहेत. विचारून काम सांगतात." मशीनवरचा एक पोरगा म्हणाला, "भाई, सर एकदम डाउन टू अर्थ." माल वेळेआधी भरून झाला, मी स्वतः खोकी उचलली. मॅडम पट्ट्याच्या टोकाला उभ्या होत्या, परत क्वालिटीच्या जुन्या जागेवर. मी जवळ गेलो, काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून. त्यांनी एक झाकण उजेडाकडे धरून बघितलं आणि चांगल्या मालात टाकलं.

"यांचं मराठी चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

पुठ्ठ्यांवरचं रिंगण अजून होतं. त्या परत जाऊन बसतील असं मला वाटलेलं. एक दिवस गेल्याही. बायकांनी सरकून जागा केली, खुर्ची आणली नाही, भाजी पुढे केली. पण प्रज्ञाताई म्हणायचं की मॅडम हे कुणाला ठरवता येईना, म्हणून कुणीच त्यांना हाक मारली नाही. पाणी हवं का विचारायचं तर नुसतं, "पाणी?" त्यांनी भाकरी संपवली, डबा धुतला आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला मागच्या जिन्यावर बसू लागल्या. थोड्या दिवसांनी राजीनामा दिला. निरोपाला केक आणला होता. निनादसर मनापासून चांगलं बोलले. मालक म्हणाले, "साळवे मॅडम कंपनीच्या आईसारख्या होत्या." मॅडमनी केक कापला, सगळ्यांना वाटला, आणि पुठ्ठ्याची प्लेट स्वतःच घडी घालून कचऱ्यात टाकली.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. आम्ही खोपटला राहतो, एसटी डेपोच्या जवळच. रविवारी सकाळी बायकोनं कोथिंबीर आणायला पाठवलेलं, आणि डेपोत बाकावर साळवे मॅडम. मांडीवर बॅग, पायाशी बॅग, शेजारची जागा रिकामी. मी बसलो. केस बरेच पांढरे झालेले. विचारलं, कुठे.

"सिन्नरला. तिथे एका कंपनीत प्लांट बघायला माणूस पाहिजे, त्यांनी शेवटच्या मुलाखतीला बोलावलंय. आणखी एक जण आहे यादीत." मग जरा थांबून, पहिल्यांदाच थोडं हसून, "तिथे अख्खी बाटली बनते, टिपणीस."

"आणि झालं तर राहणार कुठे?"

"खोली घेईन."

"एकट्याच?"

"इथे मोर्चा होता का माझ्याबरोबर?"

मी कोथिंबिरीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. घरचे काय म्हणतात, विचारलं. "वहिनी म्हणाली, तिकडे तुमच्याशी बोलायला कोण असणार. मी तिला म्हटलं, मशीन असतील, त्यांची सवय आहे." त्या फलाटाकडे बघत होत्या. सिन्नरची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता. मला फार वाटलं की या बाईसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, आत्ता, गाडी सुटायच्या आत. आणि आठवलं.

"मॅडम, माझा मावसभाऊ आहे सिन्नरला. तिथल्या कारखानदारांत त्याची चांगली ऊठबस आहे. आत्ता फोन करतो त्याला. तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द सांगतो, तो पोचवेल."

त्या उठल्या. एक बॅग खांद्याला लावली, दुसरी मी उचलायच्या आत उचलली. पायरीवर पाय ठेवून वळल्या.

"मालकांनी मला तुमचं ते वाक्य सांगितलेलं. पुरुषासारखं काम करते ते," त्या म्हणाल्या. "एक नोकरी तुमच्या चांगल्या शब्दांनी गेलीय, टिपणीस. भावाला फोन करायचाच असेल, तर माझ्याबद्दल वाईट बोला."